पोटखराबा

सासऱ्यांच्या नावचा सातबारा पहिल्यांदा नीट वाचला, तेव्हा माझी नजर एका शब्दावर अडकली. वर जिरायत क्षेत्राचा आकडा, त्याच्याखाली ‘पोटखराब’ आणि पुढे आणखी एक छोटासा आकडा. शब्द ऐकून माहीत होता, पण आपल्याच जमिनीच्या कागदावर तो वाचताना कसंसंच झालं. महसुली भाषेत त्याचा अर्थ साधा आहे. गटाच्या पोटात असलेला, पण लागवडीला न येणारा भाग. मुरूम, खडक, ओढ्याची घळ, नाहीतर नांगर धरता येणार नाही असा उतार. अशा तुकड्याला सारा लावत नाहीत, कारण तिथे काही उगवेल अशी कुणाची अपेक्षाच नसते.

आमचा जिरायत भाग पुढे बिनशेती झाला. त्यावर आमची आणि चुलत दिरांची घरं उभी राहिली. साताऱ्याच्या कडेचं शेत होतं, त्याची वसाहत झाली. पोटखराबा तेवढा राहिला. कंपाउंडची भिंत आणि ओढा यांच्यामधला तीन गुंठ्यांचा तिरका तुकडा, समोर अजिंक्यतारा. घरातली कचऱ्याची बादली जशी कुणालाच दिसत नाही, तसा तो आम्हाला कितीतरी वर्षं दिसलाच नाही. आळीत ज्याचं ज्याचं बांधकाम निघालं, त्याचा राडारोडा तिथे पडला. फुटकी कौलं, पोत्यातच दगड झालेलं सिमेंट, विटांचे तुकडे. त्यात आमच्या जुन्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशाही होत्या. त्या मी स्वतः गड्याला सांगून तिथे टाकायला लावल्या होत्या, हे मला अजून आठवतं.

२०१८च्या सप्टेंबरात पाहुण्यांना घेऊन कासला गेलो होतो. यवतेश्वरचा घाट चढायचा, गाडी लांब लावायची, तिकीट काढायचं, आणि मग गर्दीतून त्या पठारावर चालायचं. पावसाची भुरभुर होती. तेरड्याचा गुलाबी गालिचा नजर पोचेल तिथवर पसरलेला. आम्ही दोन तास फिरलो आणि मन भरून परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं पायपुसणं वाळत घालायला मागच्या भिंतीशी गेले, सहज पलीकडे डोकावले, आणि राडारोड्याच्या ढिगातून, दोन कौलांच्या फटीतून वर आलेला तेरडा दिसला. एकच झाड होतं, टीचभर उंचीचं, पण अंगावर सात फुलं. काल पंचवीस किलोमीटर जाऊन पाहिलेलं तेच फूल. मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभी राहिले. ते झाड तिथे पहिल्यांदा आलेलं नसणार. मी पहिल्यांदा पाहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही राडारोडा उचलला. ट्रॅक्टरच्या नऊ ट्रॉल्या निघाल्या. खाली जमीन लागली ती तांबूस करड्या मुरमाची, कुदळ आपटली की खण्णकन वाजणारी. आता इथे बाग करायची तर माती हवी, असं मला वाटलं. लाल माती दोन ट्रॉल्या आणि शेणखत एक, असा भाव ठरवून मी फोन करणार होते. त्या वेळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली आजी आपल्या चार शेळ्या घेऊन तिथून चालली होती. ती रोजच जायची. तिच्याशी माझं बोलणं तोवर “पाऊस कधी लागंल” याच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, “सूनबाई, माती कशापायी घालतीस? हितं माती पडली की गवात कंबरंएवढं हुतंय. मग फुलं कुठनं ऱ्हायची?”

मला ते पटलं नाही. पण माती घातली नाही, कारण ट्रॉलीवाला त्या आठवड्यात आला नाही. आजीचं म्हणणं खरं का होतं, हे कळायला मला दोन पावसाळे लागले, आणि कळलं ते पुन्हा कासमुळेच.

कासचं पठार म्हणजे काळ्या पाषाणावर जांभ्याचा थर आणि त्यावर कुठे चार बोटं, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात तिथे पाणी साचून राहतं, उन्हाळ्यात तोच खडक तव्यासारखा तापतो. साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती तिथे नोंदल्या गेल्या आहेत. २०१२मध्ये सह्याद्री जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा त्यात कासही होतं. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर मातीच्या गरिबीच्या. जमिनीत नत्र इतकं कमी, की तिथल्या काही झाडांनी किडे धरून खायला सुरुवात केली. सीतेची आसवं हे त्यातलंच एक. निळं-जांभळं, थेंबासारखं नाजूक फूल वर डोलत असतं, आणि पाण्यात बुडालेल्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव अडकत असतात. मोठं, दांडगं गवत अशा जागी माजू शकत नाही, म्हणून बारक्या फुलांना आभाळ मिळतं. त्याच जमिनीला खत घातलं, तर चार वर्षांत तिथे फक्त गवत उरेल. कासला काही काळ कुंपण होतं आणि गुरं आत जात नव्हती, तेव्हा गवत वाढून फुलं दबतात अशी तक्रार आसपासच्या गावांतले लोक करत होते. आमची आजी काही कासला राहत नाही. पण शेळ्यांमागे चालणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुठेही कळते.

कासची फुलं घरी आणायची नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ती आणू नयेत हे तर आहेच, पण ती जगणारही नाहीत. त्यांची जागा त्या खडकावर आणि त्या पावसात आहे. माझ्या मुरमात जे यायचं ते इथलंच यायला हवं होतं. एवढं कळत असूनही पहिल्या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. रोपवाटिकेतून मी रानफुलांच्या मिश्र बियांचं एक पाकीट आणलं आणि रोहिणीच्या सरी पडल्यावर विस्कटून टाकलं. ऑगस्टमध्ये सगळा तुकडा नारिंगी झाला. येणारे-जाणारे थांबून फोटो काढू लागले. दीर म्हणाले, “वहिनी, काय जादू केलीत!” मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण ती सगळी फुलं कॉसमॉसची होती. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोचा. पुण्याच्या टेकड्यांवर तो आता मोकाट पसरला आहे आणि लोक त्याला रानफूल समजून पाहायला जातात. दुसऱ्या वर्षी मी एकही बी टाकलं नव्हतं, तरी तोच उगवला, आणि आधीपेक्षा दाट. त्याच्या सावलीत बाकी काही डोकं वर काढेना.

मग उपटणं सुरू झालं, कॉसमॉसचं आणि गाजरगवताचंही. गाजरगवत उपटायला मन लागत नाही, फक्त हातमोजे लागतात, कारण कातडीला खाज सुटते आणि फुलोऱ्यात असलं तर दमेकऱ्याचा श्वास अडतो. पन्नासच्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं लोक सांगतात, त्यावरूनच ‘काँग्रेस गवत’ हे नाव पडलं असंही म्हणतात, आणि आता महाराष्ट्रातलं एकही पडीक रान त्याच्याशिवाय नाही. त्याला खाणारा एक भुंगेरा आहे, ऐंशीच्या दशकात मेक्सिकोतूनच मुद्दाम आणून सोडलेला. फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा. पावसाळ्यात तो आमच्याकडेही दिसतो आणि पानांच्या जाळ्या करून टाकतो. त्याला पाहिलं की मला एखाद्या दूरच्या नातेवाइकानं मदतीला यावं तसं वाटतं. कॉसमॉस उपटताना मात्र हात थबकतो. फुललेलं, देखणं झाड मुळासकट ओढून काढायचं, आणि तेही पुढच्या वर्षी दिसेल न दिसेल अशा कुठल्या तरी केन्यासाठी. दोन पावसाळे मी ते केलं. एकदा शेजारची मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “काकू, का मारताय त्यांना?” तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. जमीन उघडी आणि तांबडी दिसत होती, बस.

उत्तर तिसऱ्या वर्षी जमिनीनंच दिलं. मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठ-दहा दिवसांत मुरमातून गवतासारखी लांब पात्यांची रोपं वर आली आणि आजी शेळ्या सोडून धावत आली. “अगं, ही फोडशी!” म्हणाली. त्या दिवशी तिनं मला कोवळी पाती कशी खुडायची, मधला दांडा कसा काढून टाकायचा ते शिकवलं. भिजवलेली मूगडाळ घालून भाजी केली. उरलेली झाडं सोडून दिली, तर त्यांना पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं आली. त्यांच्या पायाशी, अगदी जमिनीला चिकटून, काळ्या मुसळीचं पिवळं सहा पाकळ्यांचं फूल. ते शोधायला गुडघ्यावर बसावं लागतं. हे कंद किती वर्षं त्या राडारोड्याखाली तग धरून होते, कोण जाणे. मी काही लावलं नव्हतं. नऊ ट्रॉल्या उचलल्या होत्या आणि मग थांबले होते.

त्यानंतर दर पंधरवड्याला काहीतरी नवं दिसू लागलं. केना आला, त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या जेवणाआधी मिटून विरघळतं. टाकळा आला, तो गाजरगवताला मागे रेटतो म्हणून मी त्याला मुद्दाम ठेवला. पहिल्या पावसातली त्याची कोवळी पानं आम्ही खातो, उरलेली छोट्या पिवळ्या फुलपाखरांची. ती त्यावर अंडी घालतात आणि मग पानांच्या रंगाच्या अळ्या शोधूनही सापडत नाहीत. संध्याकाळी टाकळा आपली पानं मिटून घेतो, आणि दिवेलागणीला त्याच्याजवळून गेलं की सगळी झाडं हात जोडून उभी असल्यासारखी दिसतात. कुर्डू आला. ओढ्याच्या कडेला कळलावी आली, पानांची टोकं वळवून बोरीच्या फांदीला धरत वर चढली आणि श्रावणात पेटली. खालून हिरवट पिवळ्या, वर लाल होत जाणाऱ्या पाकळ्या, ज्वाळेसारख्या मागे वळलेल्या. ते फूल घरात आणलं की घरात भांडणं लागतात, असं आमच्याकडे म्हणतात. तिचा कंद जहरी असतो, सगळंच झाड विषारी. मला वाटतं, पोरांनी ते तोडून आणू नये म्हणूनच कुणीतरी शहाण्या बाईनं भांडणाची गोष्ट रचली असणार. आजी शेळ्यांना त्या कोपऱ्यात फिरकू देत नाही.

लोक विचारतात, “मग तुम्ही नेमकं करता काय?” मी कापते. आषाढ सरताना कुसळी गवत गुडघ्याच्या वर गेलं की एकदा विळा चालवायचा, फुलझाडं सांभाळून, वाकून, मूठ मूठ धरून. मग दिवाळी होऊन सगळं बी झडलं, शेंगा तडकल्या, की पुन्हा एकदा, आणि तेव्हा सगळंच. कापलेलं तिथे ठेवायचं नाही. ते कुजलं तर जमीन सुपीक होईल आणि पुढच्या वर्षी गवतच गवत. सगळे भारे आजीच्या शेळ्यांना. आणि जाळायचं तर अजिबात नाही. मार्चमध्ये साताऱ्याभोवतीचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात, तेव्हा मी खिडकी लावून घेते, मला ते बघवत नाही. एवढंच माझं काम. पण ते ज्या आठवड्यात करायचं त्याच आठवड्यात करावं लागतं. पंधरा दिवस आधी विळा लावला तर तेरड्याचं बी कच्चं राहतं, पंधरा दिवस उशीर केला तर कुसळं साडीच्या निऱ्यांत शिरतात आणि त्यांच्याबरोबर गवताचं बी सगळीकडे जातं.

तेरड्याचं बी गोळा करणं हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता उद्योग आहे. शेंग इवलीशी, फुगीर, लव असलेली. पिकत आली की हिरवा रंग फिकटतो आणि शिरांच्या रेघा ताणल्यासारख्या दिसतात. बोटाचा नुसता धक्का लागला की ती फुटते, पाच पट्ट्या झटकन आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि बिया हातभर लांब उडतात. पहिल्या वर्षी माझ्या हाताला फक्त त्या वळलेल्या पट्ट्या लागल्या. जिवंत अळी बोटावर वळवळावी तसा तो स्पर्श असतो. आता मी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याची पुरचुंडी करते, ती शेंगेवर हलकेच घालते आणि मग बाहेरून चिमटते. आत टप् असा आवाज येतो. पुरचुंडी उघडली की चार-सहा काळपट दाणे. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण त्या तीन दिवसांमागे हे झाड दर वर्षी स्वतःला केवढ्या जोरानं पुढे फेकतं, ते त्या म्हणीत आलेलं नाही.

आणि डोरली. काट्यांची, कुणाला न आवडणारी. तिला मी काढून टाकणार होते. एका सकाळी तिच्या जांभळ्या फुलावर एक माशी बसली, पोटावर निळसर चकचकीत पट्टे असलेली. तिनं फुलाच्या मधले पिवळे केसर मिठी मारल्यासारखे पोटाशी धरले आणि पंख न फडफडवता अंग थरथरवलं. आवाज एकदम बदलला, नेहमीच्या गुणगुणीतून वर चढला, बारीक आणि तीव्र, तंबोऱ्याची तार खुंटी पिळून चढवावी तसा. मग ती सुटली आणि दुसऱ्या फुलावर गेली. पुन्हा तोच सूर. डोरलीच्या केसरांना टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात, ते हलवल्याशिवाय पराग बाहेर पडत नाही. वांगं, टोमॅटो ही तिचीच भावंडं, त्यांच्या फुलांनाही अशी हलवणारी माशी भेटली तर फळ चांगलं धरतं. आमच्या सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना ही थरथर साधत नाही. हे मी नंतर वाचलं. त्या सकाळी मी फक्त ऐकत होते, आणि डोरली राहिली.

चौथ्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर कुणीतरी तणनाशक मारलं. ओढ्याच्या बाजूनं, तुकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर. साप येतात, डास होतात, अशी कुजबुज आळीत होतीच. धामण मी दोनदा पाहिली आहे, ती उंदरांमागे येते आणि तिला येऊ द्यावं. पण ज्याला भीती वाटते त्याची भीती खोटी नसते. आठ दिवसांत फुलात आलेला तेरडा, कुर्डू, केना, सगळं पिवळं पडून लोळलं. मी तिथे बसून रडले. ज्यानं केलं त्याला वाटलं असेल की आपण घाण साफ केली. आणि त्या उघड्या पडलेल्या मातीत सर्वांत आधी काय उगवलं? गाजरगवत. दुसरं काही नाही, तेवढंच. तो पट्टा पुन्हा उभा करायला मला पुढची दोन वर्षं लागली.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. सगळ्या तुकड्याच्या कडेनं दोन हात रुंदीची पट्टी विळ्यानं अगदी स्वच्छ कापून ठेवते, आणि मधून एक नागमोडी पायवाट. तुकड्याचा बाकी भाग तसाच, रानासारखा. पण कड कापलेली दिसली की माणसाला कळतं, इथे कुणीतरी येतं-जातं, ही जागा बेवारस नाही. तेव्हापासून कुणी फवारलं नाही, विटेचा तुकडाही टाकला नाही. ज्यांनी सापाची काळजी केली होती, त्यांच्या सुना आता हरतालिकेच्या आदल्या दिवशी पत्री न्यायला येतात.

बाजारात पत्रीची जुडी मिळते, पण तिच्यात पत्री किती आणि कुंपणाचा पाला किती, हे मांडल्यावर कळतं. आमच्या तुकड्यात आघाडा आहे, माका आहे, डोरली, धोत्रा, रुई, बोर, दूर्वा. रुईवर केशरी फुलपाखरांच्या पट्टेरी अळ्या असतात, ती पानं सोडून द्यायची. प्रत्येकीनं एका झाडाची दोनच पानं घ्यायची, मूळ ओढायचं नाही, एवढं मी सांगते आणि त्या ऐकतात. गौरी आणतानाही सुना-लेकी इथूनच तेरड्याची डहाळी घेऊन वाजतगाजत घरात येतात. आधी ती मंडईतून यायची. एकवीस पत्रींच्या यादीतली एक मात्र मला या तुकड्यात कधी सापडली नव्हती. विष्णुक्रांता. दर वर्षी मी शोधायचे, चांगल्या ओलसर जागी, बोरीच्या सावलीत, ओढ्याच्या काठी.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी दूर्वा काढायला गेले, तर आजी पायवाटेच्या मधोमध उभी होती, शेळ्यांना काठीनं कडेला सारत. “जपून,” म्हणाली, “पायाखाली बघ.” आमच्या रोजच्या चालण्यानं टणक झालेल्या मुरमावर, जिथे दुसरं काहीच उगवत नाही, तिथे हातभर जागेत बारीक लवदार फांद्या चहूकडे आडव्या पसरल्या होत्या. त्यांच्यावर नखाएवढी गोल निळी फुलं, अकरा. मी खाली वाकले.

“कवाधरनं हाय ही?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“ती हितंच अस्ती,” आजी म्हणाली. “तू कडंला शोधत हुतीस.”

घरी गुरुजी पाटावर बसले होते. एकेक नाव घेत ते पत्री मागत होते आणि मी ताटातून देत होते. विष्णुक्रांतापत्रं समर्पयामि म्हणाले, तेव्हा मी अक्षता वाहिल्या.